लोंबणारं छत आणि पद्मिनीचं रेक्झिन

परवा राजोडीच्या किनाऱ्यावरून निघालो, तर आरशात मागचं काही दिसेचना. छताचं कापड लोंबून खाली आलेलं. बाबा म्हणाले, "रेक्झिन मारून घे, टॅक्सीला असायचं तसं."

बाबांची टॅक्सी म्हणजे प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्यात बनलेली. १९७४ पासून हे नाव. तिचं छत चिकटवलेलं नसायचंच! आडव्या तारांवर अस्तर ओवायचं, कडा ताणून बसवायच्या. भार तारांवर. म्हणून रेक्झिन चालायचं, आणि ते फडक्याने पुसताही यायचं. फुलाफुलांची छतं आठवतात ना? २०१५ मध्ये 'टॅक्सी फॅब्रिक'वाल्यांनी तर तरुण डिझायनर्सचं कापड थेट टॅक्सीच्या छतावर चढवलं.

आपल्या गाड्यांचं गणित वेगळं. साच्यातला पुठ्ठा, त्यावर पातळ फोम आणि कापड. ऊन-दमटपणाने फोमची भुकटी होते, कापड सुटतं. नुसता गोंद मारला तर तो त्या भुकटीलाच चिकटणार! जड रेक्झिन खोलगट वळणांत नीट बसत नाही, उन्हात सुटायला बघतं. साध्या पातळ कापडातून गोंदाचे डाग वर येतात. म्हणून फोम लावलेलं, ताणलं जाणारं कापडच घेतलं. आधी पुठ्ठा काढून जुना फोम पार घासला. कंटाळवाणं काम, पण खरं काम तेच.

मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला बाद झाली. बाबा नवं छत चाचपून म्हणाले, "मऊ आहे. पण पुसणार कसं?"