साहिब आलम आणि साहिब बेगम

मोत्यांच्या माळा ल्यालेला साडेचार वर्षांचा मुलगा आणि त्याच्याजवळ उभी असलेली तीन वर्षांची बहीण. दोघांच्या अंगावर हैदराबादी दरबारी पोशाख, डोक्यावर टोपी. मुलगा सरळ आपल्याकडे पाहतो आहे. मुलीची नजर मात्र खाली आहे. 1805 साली मद्रासमध्ये जॉर्ज चिनरी या इंग्रज चित्रकाराने हे तैलचित्र काढले. चिनरी खरा पेन्सिलीचा माणूस. रस्त्यावरचे काहीही दिसो, कागदावर उतरवायचा आणि शेजारी लघुलिपीत टिपणे करायचा. पण इथे काम मोठे होते, श्रीमंत घरचे होते. रंग काढावेच लागले.

मुलाचे नाव मीर गुलाम अली, लाडाचे नाव साहिब आलम. मुलगी नूरुन्निसा, म्हणजे साहिब बेगम. वडील जेम्स अकिलीज कर्कपॅट्रिक, निजामाच्या दरबारातील कंपनीचे रेसिडेंट. आपला औरंगाबादचा मुलूख तेव्हा याच निजामाच्या अमलाखाली होता. आई खैरुन्निसा, 1804मध्ये दिवाण झालेल्या मीर आलम यांच्या नात्यातली. निकाह इस्लामी रिवाजाने झाला, अशी साक्ष खैरुन्निसाची वालिदा शरफुन्निसा हिने पुढे दिली.

मुलांना शिक्षणासाठी विलायतेला धाडायचे बापाने ठरवले. जहाज सुटण्यापूर्वीचे हे चित्र. ते वर्ष सरायच्या आत, ऑक्टोबरमध्ये, कर्कपॅट्रिक कलकत्त्यात वारला. तिकडे 1806मध्ये मुलांचा बाप्तिस्मा झाला. साहिब आलम विल्यम झाला, साहिब बेगम कॅथरीन. आईशी संबंध तुटला. आईने मुलांना पुन्हा पाहिले नाही. 1813 साली ती गेली, तेव्हा तिशीचीही नव्हती.

या हकिकतीला दोन संस्कृतींच्या मीलनाची रम्य कहाणी म्हणायची अलीकडे पद्धत पडली आहे. कर्कपॅट्रिकचे खैरुन्निसावर प्रेम होते, यात मला शंका नाही. पण मुलांचे नाव, दीन, जबान एका प्रवासात पुसून टाकण्याला मीलन कसे म्हणावे? त्या मुलीची खाली झुकलेली नजर पाहिली की माझा तरी त्या शब्दावर विश्वास बसत नाही.

विल्यम 1812मध्ये उकळत्या पाण्यात पडला आणि कायमचा अपंग झाला. 1828मध्ये तो वारला. कॅथरीन, म्हणजे किटी, मोठी होऊन लंडनच्या दिवाणखान्यांत वावरली. तरुण थॉमस कार्लाइल तिच्यावर भाळला होता म्हणतात. पण हे इंग्रजी साहित्यवाल्यांचे कौतुक. आपल्याला पुढची गोष्ट महत्त्वाची.

चित्र हेन्री रसेलकडे गेले होते. हा कर्कपॅट्रिकच्या हाताखालचा माणूस. बेवा खैरुन्निसाला जवळ करून नंतर त्याने वाऱ्यावर सोडले होते. त्याच्या स्वॉलोफील्डच्या घरात भिंतीवर किटीला अचानक आपण दिसलो: टोपी, दरबारी पोशाख, शेजारी भाऊ. ती तिथेच रडू लागली. पुढे रसेलने मृत्युपत्राने ते चित्र तिच्या नावे केले.

1841च्या सुमारास तिला कळले, नानी हयात आहे. मग पत्रे सुरू झाली. शरफुन्निसा फारसीत लिहून घेई. किटीला फारसी येत नव्हती, नानीला इंग्रजी. मधे तर्जुमा करणारे साहेब लोक. सुमारे सहा वर्षे असे चालले. 1847मध्ये शरफुन्निसा वारली. नवासीची आणि तिची भेट झाली नाही ती नाहीच. किटी 1889पर्यंत जगली.