भडगांवच्या कपाटांतील स्वरलिपि

गिरणाकांठच्या भडगांवीं मध्यंतरीं कामानिमित्त जाणें झालें. दोन प्रहरचा वेळ मोकळा होता, म्हणून तेथील एका ग्रंथालयांत जाऊन बसलों. कादंबऱ्यांचीं कपाटें उघडीं होतीं. संगीताच्या कपाटास मात्र कुलूप होतें, आणि त्याची किल्ली सांपडावयास अर्धा तास लागला. आंत कै. विष्णु नारायण भातखंडे यांच्या 'हिंदुस्थानी संगीत पद्धति : क्रमिक पुस्तक मालिका' या ग्रंथाचे दोन भाग निघाले. देवघेवीच्या चिठ्ठीवर एकही तारीख नव्हती. ग्रंथपाल सौजन्यानें म्हणाले, "सर, हें कोणी नेत नाहीं. यांत वाचण्यासारखें काय आहे? नुसतें सारेगम!"

त्यांचें म्हणणें अगदींच चुकीचें नव्हतें. पानामागून पान स्वरांच्याच ओळी. अक्षराखालीं आडवी रेघ म्हणजे स्वर कोमल. मध्यमाच्या माथ्यावर उभी रेघ म्हणजे तो तीव्र. टिंब खालीं असल्यास मंद्र सप्तक, वर असल्यास तार. समेस फुली, खालीस शून्य. एवढ्या थोड्या खुणांनीं संबंध चीज कागदावर उभी राहते.

कागदावर येण्यापूर्वीं ती कोठें होती? गवयाच्या कंठांत. चीज ही घराण्याची ठेव; ती शिष्यासही सहजासहजीं मिळत नसे, आणि गवई वारला कीं पुष्कळदां त्याच्याबरोबर जाई. भातखंडे (१८६०–१९३६) पेशानें वकील. मुंबईच्या गायन उत्तेजक मंडळीशीं त्यांचा संबंध आला, तेथें रावजीबुवा बेलबागकरांकडून त्यांनीं ध्रुपदें घेतलीं. पुढें जयपूरच्या महंमद अली खांच्या घराण्यांतील ख्याल मिळविले. अशा अठराशेंहून अधिक चिजा या मालिकेच्या सहा भागांत आल्या; शेवटचे भाग तर त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाले.

खानदेशाशीं त्यांच्या कार्याचा आणखी एक धागा जुळतो. सोळाव्या शतकांत पुंडरीक विठ्ठल हा कर्नाटकांतील पंडित खानदेशच्या फारुकी घराण्यांतील बुऱ्हाणखानाच्या आश्रयास आला, आणि त्यानें 'सद्रागचंद्रोदय' हा संस्कृत ग्रंथ रचिला. १६०१ सालीं अशीरगड अकबराच्या हातीं पडला व फारुकींचें राज्य संपलें. विसाव्या शतकाच्या आरंभीं हा ग्रंथ छापून लोकांपुढें आणिला तो भातखंड्यांनींच. तंजावरापासून बिकानेरपर्यंतचीं ग्रंथालयें त्यांनीं अशाच पोथ्यांसाठीं पालथीं घातलीं होतीं.

पुंडरीकाच्या ग्रंथांत रागांचीं लक्षणें आहेत, स्वरांची व्यवस्था आहे. परंतु त्या काळच्या गायकानें एखादा राग प्रत्यक्ष कसा आळविला, हें त्यावरून कोणासही गाऊन दाखवितां येणार नाहीं. शास्त्र उरलें, गाणें गेलें. क्रमिक पुस्तकांचें मोल येथें कळतें. मींडेची ओढ, आंदोलनाचें मार्दव, बोल टाकण्याची लकब या गोष्टी कोणत्याही लिपींत पुरत्या उतरत नाहींत, आणि पुस्तकावरून शिकलेलें गाणें कोरडें होतें, हा गवयांचा आक्षेप मला मान्य आहे. स्वरलिपि हा गाण्याचा सांगाडाच. पण पुंडरीकाच्या काळचा सांगाडाही आपणांपाशीं नाहीं.

आज विद्यार्थ्यांच्या हातीं ही मालिका बहुधा हिंदी भाषांतराच्या रूपानें येते. मूळ ग्रंथ मराठी, हें त्यांतील कित्येकांस ठाऊकही नसतें. आणि ती मराठी प्रत येथें कुलपांत!

मी तेथील सभासद नव्हतों, त्यामुळें पुस्तक घरीं नेतां आलें नाहीं. तेथेंच बसून यमनांतील एक चीज वहींत उतरवून घेतली. उतरवितां उतरवितां ती हळूच गुणगुणूं लागलों, तों ग्रंथपाल टेबलावरून उठून जवळ आले व म्हणाले, "ही तर आमच्या शाळेंत शिकविली होती!" निघतांना मीं त्यांस एवढेंच विनविलें कीं, हे दोन भाग कादंबऱ्यांच्या शेजारीं, उघड्या फळीवर ठेवावेत. त्यांनीं ते तसे ठेविले. गांवांत गाणें शिकणारीं मुलें आहेत, असेंही ते म्हणाले.