रोजचे एक दशक, आठवड्याचे एक नाणे

गेल्या मिशन रविवारी मिस्सा आटोपल्यावर आमच्या धर्मग्रामाचे कार्यकर्ते दानाची पाकिटे उघडून रक्कम मोजीत बसले होते. एका पाकिटातून पैशांऐवजी वहीच्या कागदाची घडी निघाली. कापऱ्या अक्षरांत लिहिले होते, ‘पैसे नाहीत. मिशनरींसाठी रोज जपमाळेचे एक दशक म्हणते.’ खाली नाव नव्हते. मोजणाऱ्या तरुणाने विचारले, ‘फादर, हे कोणत्या खात्यात लिहू?’ आम्ही हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न मनात घर करून राहिला. मिशनकार्याचा हिशेब मांडायचा झाला, तर त्या चिठ्ठीची जागा कोठे? वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर ख्रिस्तसभेच्या इतिहासातच शोधावे लागते.

मिशनकार्यासाठी प्रार्थना ही मागाहून सुचलेली जोड नव्हे. संत पौल इफिस, कलस्सै आणि थेस्सलनीका येथील श्रद्धावंतांना आपल्या पत्रांतून विनवितो, की आमच्यासाठी प्रार्थना करा. इतका मोठा प्रेषित. पण आपले कार्य दूरवरच्या सामान्य माणसांच्या प्रार्थनेवर उभे आहे, हे सांगण्यात त्याला कमीपणा वाटला नाही.

६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरलेल्या संत फ्रान्सिस झेवियरांचेही तसेच. रोममधील आपले सोबती त्यांना पुन्हा कधी भेटले नाहीत. १५४६ साली, आज इंडोनेशियात असलेल्या आंबोन बेटावरून त्यांनी या सोबत्यांना कळविले, की तुमच्या पत्रांतून तुमच्या हातची नावे कापून घेऊन ती मी सतत जवळ बाळगतो. कागदाचे ते कपटे म्हणजे त्या एकाकी मिशनरीची शिदोरी होती. प्रार्थनेला नाव लागते, हे झेवियरांनी जाणले होते.

३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या उंबरठ्यावरील एका बेटावर झेवियरांनी देह ठेवला. त्यानंतर सुमारे पावणेतीनशे वर्षांनी त्यांचे नाव फ्रान्समधील ल्यों शहरी कामगारांच्या ओठांवर रोज येऊ लागले. त्यामागे होती पोलीन जारिको ही रेशीम व्यापाऱ्याची मुलगी. तिचा जन्म १७९९ सालचा. फ्रेंच राज्यक्रांतीच्या वादळात मिशनसंस्थांची वाताहत झाली होती. पॅरिसमध्ये धर्मगुरुपदाचे शिक्षण घेणारा तिचा भाऊ पत्रांतून मिशनांची दैन्यावस्था कळवीत असे. पोलीनने रेशमाच्या कारखान्यातील कामगार स्त्रियांना हाताशी धरले आणि एक साधी योजना आखली. दहा जणांचा एक गट. प्रत्येकाने आठवड्याला एक ‘सू’, म्हणजे त्या काळचे अगदी किरकोळ नाणे, द्यावयाचे. गटप्रमुखाने ते गोळा करावयाचे. दहा गटांवर एक प्रमुख, आणि अशा शंभर-शंभरांच्या दहा समूहांवर आणखी एक. या बीजातून ३ मे १८२२ रोजी ल्यों येथे श्रद्धाप्रसार संस्था स्थापन झाली.

या योजनेचे मर्म नाण्यात नव्हते. प्रत्येक सभासदाने रोज ‘हे आमच्या बापा’ आणि ‘नमो मरिया’ म्हणावे आणि शेवटी संत फ्रान्सिस झेवियरांचा धावा करावा, असा नेम होता. आरंभीचा निधी आशियातील मिशनांना आणि अमेरिकेतील लुईझियाना व केंटकी यांना गेला. म्हणजे सारे जग त्यात होते, केवळ एक देश वा एक संघ नव्हे. पुढे संस्थेने मिशनरींची पत्रे छापून प्रसिद्ध केली. दहा सभासदांमागे एक अंक मिळे व तो हातोहात फिरे. आपण कोणासाठी प्रार्थना करतो, तो कोठे आहे, त्याच्यावर कोणता प्रसंग ओढवला आहे, हे विणकामगारांना ठाऊक होऊ लागले. १८२६ साली पोलीनने ‘जिवंत जपमाळ’ सुरू केली. पंधरा जणांनी पंधरा रहस्ये वाटून घ्यावीत आणि प्रत्येकाने रोज एकच दशक म्हणावे. आमच्या पाकिटातील त्या अनाम भगिनीला हा इतिहास ठाऊक असेल असे वाटत नाही. पण ती चालत होती त्याच वाटेने.

पोलीनचा शेवट मात्र करुण आहे. कामगारांसाठी आदर्श वसाहत उभारण्याच्या प्रयत्नात तिची फसवणूक झाली, सारे द्रव्य गेले, कर्ज फेडण्यासाठी तिला दारोदार हिंडावे लागले. तिने ज्या संस्थेचे बीज रोवले, त्या संस्थेच्या चालकांनाही तिचे ऋण मानणे जड गेले. ९ जानेवारी १८६२ रोजी ती दारिद्र्यात वारली. १९२२ साली पोप अकरावे पायस यांनी तिच्या संस्थेला परमधर्मपीठीय दर्जा दिला आणि २२ मे २०२२ रोजी ल्यों येथे पोलीनला धन्यवादित घोषित करण्यात आले. जमाखर्चात जिचे नाव राहिले नव्हते, तिची नोंद शेवटी वेदीवर झाली.

तिच्या मृत्यूनंतर पाचच महिन्यांनी, ८ जून १८६२ रोजी, वसईचे सुपुत्र गोन्सालो गार्सिया यांना नागासाकीच्या इतर रक्तसाक्ष्यांसह संतपद देण्यात आले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी त्यांना तेथे क्रुसावर मरण आले होते. पुढे जपानात ख्रिस्ती धर्मावर बंदी आली, धर्मगुरू उरले नाहीत. ल्योंच्या नाण्यांचा आरंभापासून ज्या संस्थेला आधार होता, त्या पॅरिसच्या परदेशी मिशनसंस्थेच्या धर्मगुरूंनी नागासाकीत ओउरा येथे या सव्वीस रक्तसाक्ष्यांच्या नावे चर्च बांधले. १७ मार्च १८६५ रोजी फादर पेतीजाँ तेथे असताना उराकामी गावचे काही लोक आले आणि एका स्त्रीने हळूच सांगितले, की आमचे अंतःकरण तुमच्यासारखेच आहे. मग तिने पवित्र मरियेची मूर्ती कोठे आहे, असे विचारले. दोन शतकांहून अधिक काळ त्यांनी स्नानसंस्कार आणि प्रार्थना यांच्या बळावर श्रद्धा जपली होती. मिशनरी नव्हते, तेव्हाही प्रार्थना होती.

तरीही प्रार्थना म्हणजे यशाची हमी नव्हे, हे प्रामाणिकपणे सांगावयास हवे. लिझ्यूची संत तेरेजा १८८८ साली, पंधराव्या वर्षी, कार्मेल मठात गेली आणि पुढे कधी मठाबाहेर पडली नाही. तिच्याकडे दोन मिशनरी ‘भाऊ’ सोपविले होते: चीनमध्ये गेलेले फादर रुलाँ आणि आफ्रिकेसाठी तयार होणारा मोरिस बेलिएर. ती त्यांना पत्रे लिही, त्यांच्यासाठी दुःख अर्पण करी. ३० सप्टेंबर १८९७ रोजी, चोविसाव्या वर्षी, ती क्षयाने गेली. आदल्याच दिवशी बेलिएर अल्जीरियाला निघाला होता. पुढे तो आफ्रिकेत कार्य करू लागला खरा, परंतु आजारी होऊन परतला आणि १९०७ साली मनोरुग्णालयात वारला. तिची प्रार्थना वाया गेली काय? अकराव्या पायस यांनी १९२७ साली झेवियरांच्या बरोबरीने तेरेजाला मिशनांची आश्रयदात्री घोषित केले, ते यशाची आकडेमोड करून नव्हे. तिने एका दुबळ्या भावाला एकटे सोडले नाही, एवढे पुरे होते.

मिशनकार्य सत्तेच्या सावलीत वाढले, असा आक्षेप घेतला जातो. आपण तो ऐकून घेतला पाहिजे. झेवियर पोर्तुगीज जहाजातूनच आले, हे सत्य आहे. परंतु ल्योंच्या कामगार स्त्रीकडे जहाज नव्हते, तोफ नव्हती. आठवड्याचे एक नाणे आणि रोजची प्रार्थना एवढेच तिचे भांडवल होते. सत्तेचा मोह सुटावा, म्हणून मिशनरीलाच त्या प्रार्थनेची अधिक गरज असते.

१९२६ साली मिशन रविवार सुरू झाला तो प्रार्थनेचा आणि दानाचा दिवस म्हणून. आपण दान सांभाळले. प्रार्थना मात्र ‘जगभरातील मिशनरींसाठी’ या एका वाक्यात उरकतो. आपल्याच धर्मग्रामातून दूरच्या मिशनात गेलेल्या धर्मभगिनी आणि धर्मगुरू किती, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? ती सुटीवर आली की सत्कार होतो. गाडी सुटली की नाव विसरते.

म्हणून आम्ही ठरविले आहे, की पुढील मिशन रविवारी पाकिटाबरोबर प्रत्येक विभागाला एका मिशनरीचे नाव आणि पत्ता द्यावयाचा. वर्षभर त्याच कुटुंबांनी त्याच्यासाठी रोज एक दशक म्हणावे, त्याला पत्र लिहावे, आलेले पत्र एकत्र वाचावे. आणि त्या तरुणाला आम्ही उत्तर दिले आहे. हिशेबाच्या वहीत, रकमेच्या बेरजेच्या वर, पहिल्या ओळीत त्याने लिहिले आहे: ‘जपमाळेचे एक दशक, रोज.’