कमरेचें चिलखत

चिलखत म्हटलें कीं रणांगण आठवतें. परंतु एका चिलखताचा इतिहास वृद्धांच्या शुश्रूषागृहांत घडला आहे. वार्धक्यांत मनुष्य कुशीवर पडला कीं खुब्याचें हाड मोडण्याचा संभव फार, आणि मग अनेकांचें चालणें कायमचें थांबतें. म्हणून अंतर्वस्त्रांत दोन्ही खुब्यांवर कवच बसविण्याची युक्ति निघाली.

१९९३ सालीं कोपनहेगनमधील एका शुश्रूषागृहांतील प्रयोग प्रसिद्ध झाला. असें वस्त्र दिलेल्या २४७ जणांत ८ खुबे मोडले. न दिलेल्या ४१८ जणांत ३१. विशेष हें कीं, त्या आठांपैकीं एकाच्याहि अंगावर पडतेवेळीं तें वस्त्र नव्हतें! २००० सालच्या फिनलंडमधील प्रयोगांतहि हेंच दिसलें : वस्त्र मिळालेल्यांचे १३ खुबे मोडले, त्यांतील ९ तें अंगावर नसतांना. २००७ सालीं अमेरिकेंत मात्र नियमित वापरूनहि लाभ आढळला नाहीं. तेव्हां कवचाच्या घडणीविषयींहि प्रश्न उभा राहिला.

न घालण्याचीं कारणें साधींच : उकाडा, घट्टपणा, फुगीर दिसणारी कंबर, रात्रीं लघुशंकेस जातांना होणारी अडचण. ह्यास हट्ट म्हणूं नये. ज्याच्यासाठीं वस्त्र शिवावयाचें, त्यालाच आधीं विचारावें. एरवीं तें कपाटांतच राहील.