टरफल, सुई आणि सॉर्ब घरे

अंड्याच्या टरफलावरील कोरीव कामाचा इतिहास हा मुख्यतः हत्यारांच्या निवडीचा इतिहास आहे, असे आम्हांस वाटते. दक्षिण आफ्रिकेतील डीपक्लूफ येथे सापडलेले शहामृगाच्या अंड्यांचे कोरीव तुकडे सुमारे ६०,००० वर्षांपूर्वीचे आहेत. संशोधकांनी २०१० साली त्यांचा साकल्याने परिचय करून दिला. धातू ठाऊक नसलेल्या त्या माणसांजवळ दगडाची धार तेवढी होती. शहामृगाचे टरफल जवळजवळ दोन मिलिमीटर जाड असल्याने त्याने ती सोसली. कोंबडीच्या अंड्याचे टरफल मात्र अर्धा मिलिमीटरही भरत नाही. तेथे बळापेक्षा हाताचा संयम महत्त्वाचा.

युरोपात हा संयम पास्काच्या सणाशी जोडला गेला. मध्ययुगात उपवासकाळात अंडी वर्ज्य असत. कोंबड्या मात्र अंडी घालीतच. साठलेली अंडी सणाला रंगवून वाटली जात. पोप पाचवे पॉल यांच्या १६१४ च्या रोमन विधिग्रंथात अंड्यांच्या आशीर्वादाची प्रार्थनाही आहे.

पूर्व जर्मनीतील लुसाटिया प्रांतात सॉर्ब नावाचा लहानसा स्लाव समाज राहतो. बाउत्सेन आणि कामेन्त्स या नगरांच्या दरम्यानची त्यांची अनेक गावे कॅथलिक आहेत. तेथे धर्मपिता व धर्ममाता आपल्या धर्मपुत्रांना व धर्मकन्यांना नक्षीची अंडी भेट देतात. कोरण्याच्या पद्धतीत अंडे आधी गडद रंगात बुडवतात. मग तो रंग टोकाने खरवडून खालचे पांढरे टरफल रेघारेघांनी उघडे करतात. त्यासाठी सुई, चाकूचे टोक, दाढीचे पाते किंवा बारीक कानस पुरते. सुईने देठ आणि शिरा काढाव्यात, पात्याने पाकळ्या भराव्यात. दुसऱ्या पद्धतीत टाकाच्या निबाने आम्ल लावतात. टरफल बहुतांशी चुन्याच्या द्रव्याचे असल्याने आम्ल पृष्ठभाग किंचित विरघळवते आणि त्याबरोबर रंग निघून जातो.

१९३७ साली नाझी राजवटीने ‘दोमोविना’ या सॉर्ब संघटनेवर बंदी घातली. त्यांच्या भाषेचीही गळचेपी झाली. संघटना मोडता येते, कार्यालयांना टाळे ठोकता येते. पण शिवणाच्या डब्यातील सुई कोण जप्त करणार? ही कला टिकली, त्यात हत्यारांच्या या साधेपणाचा वाटा मोठा, असे आमचे मत आहे.

१९५७ साली दंतवैद्यांसाठी हवेच्या दाबावर मिनिटाला सुमारे तीन लाख फेरे घेणारे यंत्र बाजारात आले. तशा यंत्रांनी आज टरफलाची जाळीही कोरतात. ते कौशल्य थोरच. तथापि आपल्या धर्मग्रामातील एखाद्या घरी मुलांना ही कला शिकवायची झाल्यास आम्ही सुईच सुचवू. उकडलेले, गडद रंगवलेले अंडे डाव्या तळहातावर मऊ कापडात धरावे आणि सुई न दाबता, हलक्या हाताने पुन्हापुन्हा फिरवावी. घाई केली तर टरफल तडकते. धर्मपित्याने दिलेल्या अंड्याचे मोल त्यावर खर्ची पडलेल्या अशा संथ घटकांतच असते.