पडून राहणे आणि मुरणे

१७८७ च्या मार्चमध्ये अमेरिकेचा फ्रान्समधील राजदूत टॉमस जेफर्सन बर्गंडीतून प्रवास करीत होता. पोमार व व्होल्ने या गावांत मजूर गव्हाचा चांगला पाव खाताना त्याला दिसले; शेजारच्या मर्सोत मात्र त्यांच्या वाट्याला राय या हलक्या धान्याचा पाव होता. त्याने कारण विचारले. पहिली दोन गावे तांबड्या वाइनची. मर्सोची जमीन फार खडकाळ, म्हणून तेथे पांढरीच होई, आणि ती वारंवार बिघडून मालकाकडे पडून राही. मजुराच्या ताटातला फरक एवढ्यावरून पडला होता. ही नोंद मुत्सद्द्यापेक्षा कादंबरीकाराला अधिक शोभावी अशी आहे.

पुढे या पडून राहण्याचा अर्थच पालटला. शार्दने द्राक्षाची ही वाइन २२८ लिटरच्या ओकच्या पिंपात आपल्याच गाळावर काही महिने विसावते व नंतर बाटलीत मुरते. कोवळेपणी लिंबाची, हिरव्या सफरचंदाची चव आणि जिभेवर धार. दहाएक वर्षांनी तीच सोनेरी होऊन हेझलनट, मध, लोणी यांची आठवण करून देते. माँराशेच्या जेमतेम ८ हेक्टर उताराची कीर्ती एवढी, की १८७९ मध्ये प्युलिन्यी व शासान्य या दोन्ही गावांनी ते नाव आपापल्या नावाला जोडून घेतले. घेणारा आज पैसे मोजी तो दहा वर्षांनंतरच्या चवीसाठी.

या विश्वासाला तडा गेला तो १९९५ व १९९६ च्या वाइनमुळे. दीर्घायुषी म्हणून जपलेल्या या बाटल्या एकविसाव्या शतकाच्या आरंभी उघडल्या, तेव्हा कित्येकींतून तपकिरी रंग आणि कापून ठेवलेल्या सफरचंदाचा वास निघाला. एकाच खोक्यातली एक बाटली तेजस्वी, तर शेजारची मृतवत. दोष बुचांना दिला गेला, कमी केलेल्या सल्फर डायऑक्साइडला, गाळ वरचेवर ढवळण्यालाही. एक तर्क विशेष लक्षणीय आहे : जुन्या दाबयंत्रांत रस आधीच हवेशी झगडून काळवंडे व त्यातील नाजूक अंश गाळात जाई, नव्या, सौम्य यंत्रांतून निघालेल्या निर्मळ रसाला हा अनुभव मिळत नाही. एकच एक कारण मात्र सिद्ध झालेले नाही. काही उत्पादकांनी बुचाचा चुरा शुद्ध करून दाबलेली नवी बुचे स्वीकारली. अनेक घेणारे आता पाच-सहा वर्षांतच बाटली उघडतात, हेझलनटचा गंध येण्याआधीच.