चॉकलेटमधलं शिसं आलं कुठून?

मी लॅबमध्ये शिसं मोजते म्हटलं की नात्यातल्या कुणाचा तरी प्रश्न ठरलेला : मग डार्क चॉकलेट खायचं की नाही? या वेळी तो धाकट्या बहिणीनं विचारला. तिला चौथा महिना चालू आहे, आणि शिसं वारेतून बाळापर्यंत पोचतं. त्यामुळे हसून टाळता आलं नाही.

गोष्ट जुनी आहे. १८५० च्या दशकात लंडनमध्ये डॉ. आर्थर हिल हॅसल यांनी बाजारातले पदार्थ तपासून निकाल ‘द लॅन्सेट’मध्ये छापले. मुलांच्या पिवळ्याधमक गोळ्यांत शिशाचं क्रोमेट निघालं. पण ती भेसळ होती, कुणीतरी मुद्दाम घातलेली. आजच्या चॉकलेटमध्ये शिसं कुणी घालत नाही. तरी ते असतं!

इथे २००५ चा एक शोधनिबंध मला फार आवडतो. रँकिन आणि सहकाऱ्यांनी नायजेरियातल्या मळ्यांवरच्या कोकोच्या बिया तपासल्या. टरफल काढलेल्या बीमध्ये सरासरी शिसं ग्रॅममागे ०.५ नॅनोग्रॅम किंवा त्याहूनही कमी, म्हणजे जवळजवळ नाहीच. तयार कोको पावडरमध्ये मात्र २३० पर्यंत, चॉकलेटमध्ये ७० पर्यंत. मग मधे काय झालं?

शिशाच्या २०६ आणि २०७ या समस्थानिकांचं गुणोत्तर खाणीप्रमाणे बदलतं, त्यामुळे ते बोटांच्या ठशासारखं वापरता येतं. टरफलांवरचा ठसा तयार कोकोशी बराच जुळला. टरफल शिसं धरून ठेवतं, बिया आंबवून उघड्यावर वाळत घालतात, आणि नायजेरियात तेव्हा शिसंवालं पेट्रोल चालू होतं (आपल्याकडे ते २००० मध्ये बंद झालं). एवढं वाचून लोक थांबतात. पण तयार मालातले ठसे खूपच पसरलेले होते, म्हणून लेखकांनी जास्तीचा दोष वाहतूक, प्रक्रिया आणि कारखान्यांकडे दिला. म्हणजे हे शिसं बरंचसं टाळता येण्यासारखं आहे.

कॅडमियमचं तसं नाही. ते मातीतून, मुळांवाटे थेट बीमध्ये शिरतं. धुऊन जात नाही, आणि मूत्रपिंडात वर्षानुवर्षं साठतं. इक्वेडोर, पेरूकडच्या काही मातीत ते जास्त असतं, पश्चिम आफ्रिकेत सहसा कमी. म्हणून ‘ऑरगॅनिक’ शिक्क्याचा इथे उपयोग नाही. युरोपनं २०१९ पासून कॅडमियमला मर्यादा घातली : ५० टक्के किंवा जास्त कोको असलेल्या चॉकलेटला किलोमागे ०.८ मिलिग्रॅम.

डिसेंबर २०२२ मध्ये ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’नं अमेरिकेत २८ डार्क बार तपासले. त्यांनी धरलेली पातळी कडक होती, हे खरं. २३ बार रोज एक औंस खाल्ले तर दोनपैकी एका तरी धातूत तिच्यावर गेले. पण उरलेले पाच दोन्हींत खाली होते. मला ते पाच जास्त महत्त्वाचे वाटतात, कारण जमतं हे त्यांनी दाखवलं.

बहिणीला सांगितलं : रोज नको, एकाच ब्रँडचं नको, ८५ टक्क्यांपेक्षा कमी कोकोचं घे, आणि कंपनी धातूंचे आकडे जाहीर करते का ते बघ. म्हणाली, “ताई, मग घरातल्या अख्ख्या बारचं काय करू?” तो आता माझ्याकडे येतोय, मोजायला.